बाबांच्या आजारपणात त्यांच्या रिव्हॉल्वरचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना माझ्यातला कारागीर जागा झाला. कातडी होल्स्टर, बंद कपाट आणि राधानगरीचा पाऊस, म्हणजे गंज ठरलेलाच. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा मात्र तुमच्या शेवटच्या ओळीपाशी अडकलो.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंचे वडील ६४ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, आता दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि मधल्या दिवसांत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. त्यांच्याकडे १९९६ पासून परवान्याची .३२ रिव्हॉल्वर आहे, कानपूरची. ती पाच महिने होल्स्टरसकट कपाटात पडून आहे. बाबांच्या बोटांना सारख्या मुंग्या येतात, म्हणून ते म्हणतात, "तूच पूस." ताई व्हिडिओ बघून ती खोलायच्या बेतात आहेत आणि विचारतायत, कुठलं तेल, कुठला ब्रश, किती खोलायची. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: "रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणारे त्यांचे मित्र आता फारसे येत नाहीत. आलेच तर गप्प बसतात आणि उठून जातात."

मी आधी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत. बाहेर पडल्यावर गेली सव्वीस वर्षं एका परवानाधारक दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. डॉक्टर नाही, वकीलही नाही. औषधांबद्दल जे लिहीन ते एका मित्राच्या आजारपणात आणि दुकानात येणाऱ्यांकडून शिकलेलं आहे, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. कायद्याचं जे लिहीन ते रोजच्या कामातलं आहे, तरी पाऊल उचलण्याआधी तुमच्या पोलीस ठाण्यात एकदा विचाराच.

आधी गंजाचं उरकतो, कारण घाबरण्यासारखं त्यातच सगळ्यात कमी आहे. पाच महिन्यांत पोलाद मरत नाही. कातडं कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात, ते हवेतलं पाणी धरून ठेवतात आणि लोखंडाला चिकटून बसतात. त्यामुळे होल्स्टरमधून काढलेल्या रिव्हॉल्वरच्या नळीवर बऱ्याचदा शिवणीची रेघ उमटलेली दिसते, टाक्याटाक्याची, लालसर ठिपक्यांची. ठिपके बोटाला लागत नसतील तर तेलाच्या फडक्यानं जातात. नखाला खड्डा लागला तर तो खड्डा आता कायमचा. नेम त्यानं बिघडत नाही, फक्त तो पुढे वाढू द्यायचा नाही. म्हणून पहिलं काम, कपाटात ठेवायची वेळ आलीच तर होल्स्टर वेगळं आणि रिव्हॉल्वर वेगळी. वर्तमानपत्रात गुंडाळायची नाही, कागद पाणी पितो. आणि पितळेची भांडी लख्ख करणारी पूड लावायची नाही. हसू नका. एका सुनेनं सासऱ्यांची रिव्हॉल्वर तशी घासून आणली होती, देवाच्या ताम्हणासारखी चमकत होती. लोखंडावरचा काळा मुलामा, ज्याला आम्ही ब्लूइंग म्हणतो, तो गंज रोखायला मदत करतो. तो सगळा गेला होता.

दुसरा शत्रू खंडेनवमी. हळदी-कुंकवाची बोटं लावा, माझी हरकत नाही, मीही लावतो. पण संध्याकाळी पुसत कोणी नाही. कुंकू ओल धरतं, आणि अक्षता तर कुठेही सापडतात. एकदा 'सिलिंडर फिरत नाही' म्हणून एक रिव्हॉल्वर आली. सिलिंडर म्हणजे काडतुसं बसायचा फिरता गोल. काडतुसं बाहेर ढकलणारी जी चांदणी असते, तिच्याखाली तांदळाचा एक दाणा चिरडून बसला होता. दुरुस्तीचे पैसे घ्यायलाही लाज वाटली.

तर गंजाची काळजी तुम्ही करता तेवढी करू नका. खरा प्रश्न दुसरा आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही. घरात गंभीर आजारी माणूस असताना ही वस्तू कुठे असावी, आणि ती बाजूला गेली तर तिच्याभोवतीची माणसं कशी टिकवायची?

याचं उत्तर मला आमच्या मास्तरनं शिकवलं. मास्तर म्हणजे माझा मित्र, शाळेतून निवृत्त झालेला, रेंजवर आमच्या टोळीत सगळ्यात शिस्तीचा. २०१२ साली त्याला मज्जेचा कॅन्सर निघाला. इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन महिन्यांत त्याची बोटं बधिर झाली. शर्टाची बटणं बायको लावायची. आम्ही चौघांनी ठरवलं, मास्तरची रिव्हॉल्वर आपण सांभाळायची. आमच्यातला एक जण उत्साहानं गेला, त्याच्यासमोर ती खोलली, जाड पातं असलेल्या घरगुती स्क्रू-ड्रायव्हरनं दोन स्क्रूंची डोकी चेपली आणि वर तेलाची पिचकारी मारली. मशीनचं तेल चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसायच्या भोकांतून, काडतुसांच्या बुडापर्यंत गेलं. मास्तर पलंगावरून बघत होता, बोलला काही नाही. नंतर मला म्हणाला, "मित्राला स्क्रू-ड्रायव्हरवरून काय बोलायचं."

मी ती दुरुस्त करायला त्याच्या घरी गेलो. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, ही तुम्ही घेऊनच जाता का? आत ठेवू नका." मी उभाच राहिलो. इतके दिवस मी ओल, तेल, स्क्रू याचाच विचार करत होतो. घरात रात्रभर जागणारा, वेदनेनं पिचलेला, 'आता मी कोणाच्या उपयोगाचा नाही' म्हणणारा माणूस आहे आणि त्याच्या हाताशी सहा काडतुसं आहेत, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तीस वर्षं हत्यारांत काढलेल्या माणसाच्या.

म्हणून तुम्हाला सरळ सांगतो. कॅन्सरच्या माणसाला, त्यातही निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, जीव नकोसा वाटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे डॉक्टर मंडळींना नीट माहीत आहे. तुमचे बाबा तसे आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेकांना तो विचार शिवतही नाही. पण ज्याला शिवतो त्याची ती घडी छोटी असते, आणि त्या घडीला हत्यार हाताशी नसणं यावरच पुष्कळ काही ठरतं. झोप उडाली असेल, निरवानिरवीची भाषा येत असेल, तर आज उद्या न करता केमोच्या डॉक्टरांना सांगा. 'टेली मानस'चा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. बाबांशी थेट विचारून बोललात तरी चालतं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

तर माझा सल्ला असा, की उपचार चालू आहेत तोवर रिव्हॉल्वर आणि काडतुसं दोन्ही घराबाहेर ठेवा. आणि हे बाबांपासून लपवून करू नका.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. तुमच्या जवळ सुरक्षित ठेवीचा परवाना असलेला विक्रेता आहे का? प्रत्येक दुकानाला तो नसतो, फोनवरच विचारा. नसेल तर पोलीस ठाणं. निवडणुकीच्या काळात बाबांनी तिथे जमा केलीच असेल, वाट माहीत आहे. माझी पसंती दुकानाला, कारण तिथे महिन्याकाठी कोणीतरी फडकं फिरवतं. एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यातून निवडणुकीनंतर परत आलेली रिव्हॉल्वर मी पाहिली आहे. गोणपाटात बांधलेली, आणि वरून छत गळत होतं. पण घर की मालखाना अशीच निवड असेल तर मालखाना. गंज मी काढून देईन.

आता 'तूच पूस' याबद्दल. परवाना बाबांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्ये एक सवलत आहे. परवानाधारक समोर असेल किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल, तर दुसऱ्या माणसाला त्याचं हत्यार दुरुस्तीसाठी किंवा परवाना नूतनीकरणासाठी नेता येतं. म्हणजे बाबांची सही असलेलं पत्र आणि मूळ परवाना घेऊन तुम्ही ती तपासणी-दुरुस्तीसाठी दुकानात नेऊ शकता. पण ते दवाखान्यात दाखल आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे, असं महिनोनमहिने चालवणं बरोबर नाही. ते केमोला गेले की मागे किल्ली कुठे असते, हा प्रश्न आजच स्वतःला विचारा. आणि परवान्यावरची मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, पण तुमच्यासाठी पुस्तिकेवर छापलेली तारीख हीच खरी. आजारपणात मुदत टळून गेलेले परवाने मी दर वर्षी बघतो.

तुम्ही स्वतः का साफ करू नये, याचं कायद्यापलीकडचंही कारण आहे. ते काम तुमचं नाही, त्यांच्या मित्राचं आहे. रेंजवरच्या टोळीतला जो परवानाधारक, हात स्थिर असलेला, कमी बोलणारा असेल, त्याला फोन करा आणि सांगा, "काका, बाबांची रिव्हॉल्वर दुकानात ठेवायची आहे. त्याआधी त्यांच्यासमोर पुसून द्याल का?" बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होईल. हे मित्र येत नाहीत ते प्रेम आटलं म्हणून नाही. पन्नाशी-साठीतल्या आपल्याकडच्या पुरुषांना हातात काही काम असल्याशिवाय बोलता येत नाही. रेंजवर ते तासन्‌तास बोलतात, कारण डोळे चापाकडे आणि नळीकडे असतात. तुमच्या दिवाणखान्यात ते रिकाम्या हातांनी बसतात, समोर औषधांची पिशवी. मग चहा संपला की उठतात.

काका आले की काय करायचं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही समोर काय चाललंय ते कळेल. बाबा खुर्चीत, थोडं लांब, खिडकी उघडी. काम काकांचं, हुकूम बाबांचा. बाबांना हात लावू द्यायचा नाही आणि त्याची कारणं खरी आहेत. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावला की विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आणि कपाटातलं पोलाद थंडच असतं. कॅपेसिटाबिननं तळहात लाल होऊन सोलवटतात, त्यावर सफाईचं द्रावण म्हणजे आगीत तेल. शिवाय नळीत जुन्या गोळ्यांचं शिसं असतं, आणि त्या द्रावणाच्या वासानं धडधाकट माणसालाही मळमळतं.

ही कानपूरची .३२ वेब्ली-स्कॉट या इंग्रजी कंपनीच्या जुन्या घडणीची आहे, मधोमध मोडून उघडते. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, अंगठ्यानं कळ दाबायची आणि नळी खाली झुकवायची. चांदणी आपोआप वर येते आणि काडतुसं हातात पडतात. आता मोजायचं. सहा भरली होती तर सहा मोजून हातात आली पाहिजेत. या घडणीची एक खोड आहे. एखाद्या काडतुसाची कडा चांदणीच्या खाली घसरते, चांदणी परत बसते आणि काडतूस चेंबरमध्येच राहतं. पाच खाली पडली की माणूस 'रिकामी झाली' म्हणून बंद करतो. माझ्या टेबलावर 'रिकामी आहे हो' म्हणून ठेवलेल्या रिव्हॉल्वरमधून अशी काडतुसं मी काढली आहेत. म्हणून मोजायचं, मग उजेडात धरून सहाही भोकांतून आरपार बघायचं, मग एकेका चेंबरमध्ये करंगळी घालायची. काडतुसं लगेच दुसऱ्या खोलीत.

यानंतरचं सोपं आहे. ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाच्या बाजूला पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकानं नळीत बघायचं, उजेड परावर्तित होतो आणि आतले पिळाचे आटे दिसतात. नळीत सफाईचा फडका मागून पुढे, म्हणजे ब्रीचकडून. उघडणाऱ्या घडणीचा हाच फायदा, पुढचं तोंड घासलं जात नाही. आधी कोरडा फ्लॅनेल, मग द्रावणात भिजवलेला, मग ब्रश, मग पुन्हा कोरडा, तो पांढरा बाहेर येईपर्यंत. फौजेत आम्ही या फडक्याला चिंधी म्हणायचो, आणि तपासणीत साहेब चिंधीच मागायचा, रायफल नाही. जुना टूथब्रश चांदणीच्या खाली फिरवायचा. तिथे जळक्या दारूचा एक कण राहिला तरी सिलिंडर घासून फिरतं. चेंबर मात्र शेवटी कोरडेच ठेवायचे. बाहेरून तेल इतकंच, की बोट फिरवलं तर चमक दिसावी, ओल लागू नये. शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गंज सोडवायचा फवारा भिजलेल्या हत्यारातलं पाणी हाकलायला ठीक आहे, पण पावसाळाभर राखण करत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा ओळखीच्यांनी चिखलात बुडालेल्या शेतसंरक्षणाच्या बंदुकींबद्दल फोन केले. तेव्हाही हेच सांगितलं होतं: आधी स्वच्छ पाण्यानं चिखल धुवा, मग गरम पाणी, मग पूर्ण वाळवा, तेल सगळ्यात शेवटी. चिखलावर तेल घातलं की त्याची खळ होते.

खोलायची किती? बिलकुल नाही. मुठीच्या फळ्या नाहीत, आतल्या कळा नाहीत. आत व्ही आकाराची कमान, म्हणजे स्प्रिंग असते, ती एकदा हातातून सुटली की डोळा घेऊन जाईल. आणि व्हिडिओतली रिव्हॉल्वर बहुतेक वेळा अमेरिकी, बाजूला सिलिंडर सोडणारी असते. तिचं शास्त्र वेगळं.

काडतुसांकडे एक नजर टाका. बुडावर 'केएफ' असेल, म्हणजे खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी. कातडी पट्ट्यात ठेवली असतील तर पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर आला असेल. ती घासून पुन्हा भरायची नाहीत आणि विहिरीत, नदीत टाकायचीही नाहीत. दुकानात किंवा ठाण्यात मोजून द्यायची आणि नोंद घ्यायची.

आता सगळ्यात अवघड भाग, बाबांना सांगणं. मास्तरच्या बाबतीत मी चुकलो. 'दुरुस्तीला नेतो' म्हणून नेली आणि परत आणलीच नाही. त्याला दोन दिवसांत कळलं. फोनवर म्हणाला, "माझा हात गेला, आता विश्वासही गेला का?" पुढचे दोन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. तेव्हा तुम्ही निर्णय त्यांच्यापुढे ठेवा. दुकान की ठाणं, हे त्यांनी ठरवावं. अधिकारपत्र त्यांनी सांगावं, तुम्ही लिहावं, सही त्यांची. हात थरथरत असेल तर सही वाकडी येऊ दे. दुकानदाराला सूचनाही त्यांच्याच: होल्स्टर वेगळं ठेवा, चेंबर कोरडे ठेवा, दर महिन्याला फडकं फिरवा, फिरवलं की फोन करा. पावतीवर रिव्हॉल्वरचा नंबर परवान्याशी ताडून घ्यायचा आणि काडतुसांचा आकडा लिहून घ्यायचा, हेही त्यांच्याकडूनच वदवून घ्या. इतकी वर्षं हत्यार सांभाळलेल्या माणसाला हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वारसाचं विचारू नका. कोणीतरी नातेवाईक सांगेलच, की आत्ताच तुझ्या नावावर करून घे. २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे खरी, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. १९९६ धरलं तर तुमचे बाबा त्यात बसतात. पण हा विषय त्यांनी काढला तर बोला. केमोच्या चौथ्या फेरीत लेकीनं काढायचा हा विषय नाही.

रिव्हॉल्वर गेली की कपाट रिकामं होतं आणि रविवारही रिकामा होतो. मास्तर बोलत नव्हता त्या दिवसांत आमच्यातल्या एकाला सुचलं ते सांगतो. रविवारी नेम संपले की टार्गेटचे कागद आम्ही टोपलीत टाकायचो. त्यानं ते प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि मास्तरच्या घरी टाकून आला. वर चिठ्ठी: 'गुण तू मोज, आमच्यात भांडण लागलंय.' खरंच लागलं होतं. एक भोक नऊ आणि दहाच्या रेघेवर होतं. भोकाची कड वरच्या कड्याच्या रेघेला शिवली की वरचे गुण, असा नियम. पण शिवली की नाही, यावर आमच्याकडे चहा थंड होतो. मास्तरनं भिंग घेऊन ते भोक अर्धा तास बघितलं असं वहिनी सांगत होत्या. संध्याकाळी फोन आला. माझ्याशी पंधरा दिवसांनी पहिलं वाक्य बोलला ते हे: "नऊच. आणि तुझ्या गोळ्यांचा सगळा ग्रुप डावीकडे खाली गेलाय. चाप ओढत नाहीस, हिसकतोयस."

त्यानंतर दर रविवारी कागद जायला लागले. प्रत्येक कागदावर तो लाल पेनानं शेरा मारायचा, शाळेतल्यासारखा. 'श्वास धरून ठेवू नकोस.' 'तिसऱ्या गोळीनंतर दमलास.' एकावर नुसतं 'पालकांना भेटायला सांगणे.' ते कागद परत न्यायला कोणीतरी जायचंच, आणि गेलं की तास-दीड तास बसायचं. बाबांच्या मित्रांना हे सांगा. कागद प्लास्टिकच्या बाह्यांमध्ये घालून द्यायला लावा, कारण त्यावर शिशाची भुकटी असू शकते, आणि नंतर साबणानं हात धुवायचे. तुमच्या भागात तसाही हा विषय कमी पडणार नाही. राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांच्या कोल्हापुरात चहाच्या गाडीवरचा माणूसही तुम्हाला चापावर व्याख्यान देईल.

भेटायची वेळ तुम्ही ठरवा. सलाईननंतरचे चार-पाच दिवस नको. पुढे कधी पांढऱ्या पेशी खाली असतात ते डॉक्टरांना विचारा, त्या दिवसांत फोनवरच बोलणं. ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं दारातूनही डोकावायचं नाही. एका वेळी एक किंवा दोन माणसं. आणि 'कसं वाटतंय' हा प्रश्न बंद.

दुकानदार समजूतदार असेल तर आणखी एक करता येईल. मी मास्तरची रिव्हॉल्वर महिन्यातून एकदा पुसायला काढली की रिकामी आहे हे तपासून त्याला फोन लावायचो आणि फोन घोड्याजवळ, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या हातोडीजवळ धरायचो. घोडा हळूहळू मागे घ्यायचा. घोडा पूर्ण अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर पक्कं बसलेलं पाहिजे, आणि ते बसल्याचा बारीक आवाज येतो. मास्तर सहाही चेंबरचे आवाज ऐकायचा. एकदा म्हणाला, "चौथ्याला उशिरा बसतंय." मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. घोडा मागे ठेवून सिलिंडर बोटांनी हलवून पाहिलं, चौथ्या चेंबरला खरंच थोडी ढिलाई होती. तिकडून नुसतं "हं" आलं, पण ते 'हं' मला पूर्ण आठवडा पुरलं.

पुन्हा रेंजवर कधी, हे बाबा विचारतीलच. उपचार संपले म्हणजे बोटं लगेच परत येतात असं नाही. ऑक्झॅलिप्लॅटिनचा बधिरपणा कधीकधी औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढतो, मग ओसरायला लागतो, काहींचा थोडा राहूनच जातो. माझी दुकानातली कसोटी साधी आहे. खिशात एक रुपयाचं नाणं आणि शर्टाचं बटण ठेवायचं आणि न बघता, चाप ओढायच्या बोटानं आणि अंगठ्यानं सांगायचं कुठलं काय. सांगता येत नसेल तर रेंज नाही. घोडा मागे घेतलेल्या रिव्हॉल्वरचा चाप फार हलका असतो, आणि बोट चापाला टेकलंय हे ज्याला कळत नाही त्यानं तिथे बोट नेऊ नये. कळायला लागलं की आधी क्लबची एअर पिस्तूल, शेजारी मित्र उभा. मास्तर चौदा महिन्यांनी आला. पहिल्या दिवशी दहा मीटरवर दहा छर्रे मारले, त्यातले दोन कागदाबाहेर. कागद त्यानं घडी करून स्वतःच्या खिशात घातला, कोणाला मोजू दिला नाही.

तेव्हा ताई, या आठवड्यात तीन फोन करा: दुकानात सुरक्षित ठेवीचं विचारायला, ठाण्यात कागदपत्रांचं विचारायला, आणि त्या काकांना. व्हिडिओ बंद करा. आणि बाबांना माझ्याकडून एक विचारून इथेच कळवा: त्यांच्या रिव्हॉल्वरचा कुठला चेंबर उशिरा बसतो? इतकी वर्षं वापरलेली आहे, एखादा असणारच, आणि त्यांना तो आकडा नक्की माहीत असेल.